कुत्र्याच्या कानात काय काय घातलं

मराठीत तेलाचे दोन वाक्प्रचार आहेत. डोळ्यांत तेल घालून माणूस पहारा देतो. आणि कानांत तेल घालून बसलेल्या माणसाला कितीही ओरडून सांगा, तो ऐकत नाही. तेल तेच, जागा बदलली की अर्थ उलटा.

कुत्र्यांच्या कानाच्या घरगुती उपायांचा इतिहास वाचताना मला हे दोन वाक्प्रचार सारखे आठवत राहिले. हा काय विषय झाला, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यांच्या घरात लोंबत्या कानांचा कुत्रा आहे त्यांना तो नीट माहीत असतो. आधी कान झाडण्याचा फडफड आवाज. मग मागच्या पायानं खाजवणं, सोफ्यावर डोकं घासणं. मग तो वास, शिळ्या पिठासारखा, आंबूस. औषध घातलं की आठ-पंधरा दिवस बरं. मग पुन्हा फडफड.

आमची गोदा सहा वर्षांची लॅब्रेडोर आहे. गेली तीन वर्षं पुण्यात पाऊस लागला की तिचा डावा कान फुटतो. आणि कान फुटला की उपायही येतात. शेजारच्या काकू म्हणतात, लसूण कडकडीत तळून ते तेल कोमट करून घाल. मित्र म्हणतो, ॲपल सायडर व्हिनेगर. सोसायटीतल्या श्वानप्रेमींच्या ग्रुपवर कोणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवतं. साताऱ्याकडे गावी असलेली आजी म्हणते, करंजाचं तेल. मी यातलं काही घालण्याआधी गोदाला डॉक्टरांकडे नेलं. पण डोक्यात एक प्रश्न राहिला. इतकी माणसं इतक्या खात्रीनं हे सांगतात, ते आलं कुठून? सगळेच खोटं बोलत असतील, असं मला वाटत नव्हतं.

कोमट वाइन आणि कॅमोमाइल

युरोपात कुत्र्याच्या दुखण्यांबद्दल तपशिलात लिहिलं गेलं ते शिकारीमुळे. फ्रान्सच्या दक्षिणेकडचा फ्वाचा काउंट गास्तों फेब्युस यानं १३८७ साली शिकारीवर एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या एका सुंदर चित्रमय हस्तलिखितात नोकर कुत्र्यांना तपासताहेत, त्यांचे पंजे धुताहेत, असं चित्र आहे. पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कचा ड्यूक एडवर्ड यानं १४०६ ते १४१३च्या दरम्यान या ग्रंथाचा इंग्रजी अवतार केला आणि स्वतःची काही प्रकरणं जोडली. त्यात कानाच्या दुखण्यावर सांगितलेला उपाय असा: कोमट वाइननं कान दिवसातून अनेकदा धुवा, मग कॅमोमाइलचं तेल थेंबभर कोमट करून सोडा, आणि कुत्र्याला कान खाजवू देऊ नका.

मला हे वाचून हसू आलं नाही, उलट आश्चर्य वाटलं. आज आमच्या डॉक्टर जी पद्धत सांगतात तिचा सांगाडा हाच आहे. आधी धुवा, मग थेंब, मग खाजवणं थांबवा. आतला पदार्थ तेवढा बदलला.

आपल्याकडे काय होतं? शालिहोत्राच्या नावावर घोड्यांचं शास्त्र आहे, पालकाप्याच्या नावावर हत्तींचं. सैन्याला घोडे आणि हत्ती लागायचे, म्हणून त्यांच्या पोटदुखीपासून डोळ्यांपर्यंत सगळं लिहून ठेवलं गेलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुत्र्याची लक्षणं सांगणारा अध्याय आहे, पण अगदी चिमुकला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात बाराव्या शतकातले शिकारी कुत्रे भेटतात. पण घोड्या-हत्तींसारखी स्वतंत्र, भरभक्कम वैद्यकी कुत्र्याच्या वाट्याला आली नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तासोबत चार आहेत, धनगराच्या वाड्यावर तर तो पाहिजेच. त्याचं औषध मात्र पोथीत नव्हतं, ते राखणाऱ्याच्या हातात होतं.

मग माणसाचं औषध कुत्र्याला गेलं. कानात कोमट औषधी तेल सोडणं, म्हणजे कर्णपूरण, आयुर्वेदात जुनं आहे. सुश्रुतसंहितेत माणसाच्या कानाचे २८ रोग मोजलेत. घरात पोराचा कान ठणकला की लसणीचं तेल, आणि दारातल्या कुत्र्याचा ठणकला की तेच.

अडचण अशी की कुत्र्याचा कान माणसासारखा नसतो. आपली कानाची नळी आखूड आणि जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, इंग्रजी 'एल' अक्षरासारखी. वरून जे घातलं ते वळणावर साठतं. पडदा बाहेरून दिसत नाही. बॅटरी मारून पाहिलं तरी फक्त पहिला जिना दिसतो, खालची खोली नाही.

एकच नाव: कँकर

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कुत्र्यांचे डॉक्टर असा वेगळा वर्ग तयार झाला. डेलाबेअर ब्लेन यानं १८१७ साली कुत्र्यांच्या रोगांवर पुस्तक काढलं. विल्यम युएट याचं कुत्र्यांवरचं पुस्तक १८४५चं. कानाच्या या दुखण्याला ते आणि त्यांचे वाचक एका शब्दात 'कँकर' म्हणत. कान लाल, कँकर. पू येतोय, कँकर. काळा मळ, तोही कँकर.

त्यांची नजर चांगली होती. पाण्यात पोहणाऱ्या न्यूफाउंडलंड आणि स्पॅनियल कुत्र्यांना हे जास्त होतं, हे त्यांना दिसलं होतं. घरात लाडावलेल्या, भरपूर खाणाऱ्या कुत्र्यांचे कान वारंवार बिघडतात, हेही. कुत्रा कान झाडून झाडून जखमा करून घेतो म्हणून डोक्याला बांधायची टोपी होती, तिला 'कँकर कॅप'च म्हणत.

औषधं मात्र त्या काळाची होती. तुरटीचं पाणी, जस्ताचे क्षार, आणि फ्रेंच शल्यवैद्य गुलार याच्या नावानं विकला जाणारा शिशाचा अर्क. शिशाचा हा क्षार चवीला गोड असतो, आणि विषारी. कुत्रा कान खाजवतो आणि मग तोच पंजा चाटतो. पुढचं सांगायला नको.

एका नावाखाली सगळं घातल्याचा परिणाम असा की कुठलंच औषध कधी पूर्ण खोटं ठरलं नाही. तुरटीनं दहातले दोन कुत्रे बरे झाले असतील तर त्या दोघांचे मालक आयुष्यभर तुरटीच सांगत राहिले असणार. उरलेल्या आठांचे मालक दुसरं काहीतरी शोधायला गेले.

डॉक्टर नव्हता तेव्हा

घरगुती उपायांना नावं ठेवण्याआधी एक विचारायला हवं. घराबाहेर जायचं तर जाणार कुठे?

आपल्याकडचं उत्तर मुंबईत सापडतं, आणि ते दंगलीपासून सुरू होतं. रस्त्यावरची कुत्री मारायची, दर कुत्र्यामागे आठ आणे, असं कंपनी सरकारचं धोरण होतं. ६ जून १८३२ला पारशी समाज याविरुद्ध रस्त्यावर उतरला. त्यांच्या वंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्यावर अख्खा अध्याय आहे, आणि आजारी कुत्र्याची शुश्रूषा धर्मबंधूची करावी तशीच करावी, असं त्यात सांगितलंय. हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, शहर बंद पडलं. दोन वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वरला मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

पांजरपोळ म्हणजे आसरा. उपचार पुढे आला. १८८०च्या दशकात परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून, त्यांच्या पत्नीच्या नावानं, बाई साकरबाई जनावरांचं हॉस्पिटल सुरू झालं, आणि १८८६ साली परळलाच मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. हे हॉस्पिटल आजही चालू आहे. पण मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे. आजीच्या गावातला सरकारी दवाखाना गाई-म्हशींनी भरलेला असतो, आणि कुत्र्याच्या कानासाठी पंचवीस किलोमीटर जायला गाडी कोण काढणार? त्या गावात करंजाचं तेल हा डॉक्टरला पर्याय नव्हता, तिथे तेवढंच होतं.

गेंड्याकडून आलेली बातमी

कँकर या एका पोत्यात काय काय भरलंय ते उलगडायला दीडशे वर्षं लागली.

१८३८ साली श्टुटगार्टच्या एडुआर्ड हेरिंग यानं कुत्र्याच्या कानातल्या एका सूक्ष्म किड्याचं वर्णन केलं. आज त्याचं नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. हा किडा कानात राहतो, त्वचेचा कचरा खातो, आणि त्याच्यामुळे चहाच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा मळ साठतो. पिल्लांमध्ये आणि मांजरांमध्ये फार, आणि एकाकडून दुसऱ्याकडे पटकन जातो. मग शतकाच्या शेवटी जिवाणू कळले.

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९२५ साली अमेरिकेत वाइडमन नावाच्या शास्त्रज्ञानं त्वचा सोलवटलेल्या एका भारतीय गेंड्याच्या अंगावरून एक यीस्ट वेगळी केली. जाड कातडीच्या प्राण्यावर सापडली म्हणून तिचं नाव पॅकिडर्माटिस. तीस वर्षांनी, १९५५ साली, स्वीडनमध्ये गुस्ताफसन यानं कुत्र्यांच्या फुटलेल्या कानांचा अभ्यास केला तेव्हा तिथे यीस्टच सापडली. पुढे कळलं की ती हीच. आज तिला मॅलासेझिया म्हणतात. गोदाच्या कानातला मळ काचपट्टीवर घेऊन, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवून डॉक्टरांनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवला तेव्हा मी तिला भेटले. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग असते ना, तशी दिसते.

पण यीस्ट हेही शेवटचं उत्तर नाही. ती निरोगी कानातही थोडी असतेच. ती माजते तेव्हा कोणीतरी तिला माजू दिलेलं असतं. १९४१ साली विटिच या अमेरिकन डॉक्टरानं एका कुत्र्याला परागकणांची ॲलर्जी असल्याचं नोंदवलं. माणसाला शिंका येतात. कुत्र्याला बहुतेकदा त्वचेला खाज सुटते, आणि कानाची नळी ही आत वळलेली त्वचाच असते. १९८८ साली ऑगस्ट या पशुवैद्यानं लिहिलेल्या लेखात हे सगळं एकत्र मांडलं गेलं: कान का बिघडायला सोपा आहे (लोंबते कान, ओल), मुळात कशानं बिघडला (किडा, ॲलर्जी, थायरॉइड), आणि तो बिघडलेला का राहतो (जिवाणू, यीस्ट, सुजून अरुंद झालेली नळी). तीन वेगळे प्रश्न. आपण घरी जे घालतो ते फार तर तिसऱ्याचं उत्तर असतं.

मग आजीचं तेल?

आता काकू, मित्र, ग्रुप आणि आजी यांच्याकडे परत जाऊ.

आजीच्या करंज तेलाचं कोडं मला इथे सुटलं. तिच्या अंगणात वाढलेली सगळी पिल्लं होती. पिल्लांच्या कानात बहुतेकदा किडा. तेलात किडा गुदमरतो, आणि दोन-तीन आठवडे रोज तेल घातलं तर नंतर अंड्यांतून निघालेलेही मरतात. आजीचं औषध खोटं नव्हतं. ते गोदाच्या आजारावरचं नव्हतं, एवढंच. ॲलर्जीनं सुजलेल्या, यीस्टनं भरलेल्या कानात तेल गेलं की मळ आणि ओल दोन्ही आत धरून ठेवतं, आणि डॉक्टरांना आत बघणं अवघड होतं.

लसूण वेगळी. लसूण-कांद्यातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कानात घातलेल्या चार थेंबांनी हे होईल असं नाही. पण सोललेल्या त्वचेवर लसूण चरचरते आणि दाह वाढवते. तळलेल्या तेलाचा कोमटपणा तेवढा बरा वाटतो.

व्हिनेगर हा यातला सगळ्यात इज्जतदार उपाय. त्यातलं ॲसेटिक आम्ल पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हिरव्या पुवाच्या जखमा धुवायला वापरलं गेलं, कारण स्यूडोमोनास नावाच्या चिवट जिवाणूला ते मारतं. कुत्र्यांच्या कान धुवायच्या बऱ्याच तयार द्रवांत ते आजही असतं, पण मोजून, सौम्य करून. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर लाल झालेल्या कानात गेलं तर कुत्रा किंचाळतो. पुढच्या वेळी तो कानाला हातच लावू देत नाही, आणि ते नुकसान मोठं असतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८१८ साली बनवलं, आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच साली. त्याचा फेस बघून औषध काम करतंय असं वाटतं. फेस पेशींचाही होतो, निरोगी पेशींचासुद्धा. आणि फेस विरल्यावर मागे उरतं पाणी, वळणावर साठलेलं.

यात मी एक पाचवा घरगुती उपाय मिळवेन: मागच्या वेळची अर्धी उरलेली ड्रॉप्सची बाटली. औषधाच्या दुकानातून आली म्हणून ती डॉक्टरी वाटते, पण मनानं घातली की ती लसणीच्या तेलाच्याच रांगेत. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानापर्यंत जाऊन कायमचं बहिरेपण आणू शकतात. व्हिनेगरनं कुत्रा निदान ओरडतो. हे ड्रॉप्स शांतपणे काम करतात.

सहाशे वर्षांच्या या यादीत प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: कानात काय घालू? मी आजीला फोनवर हे सगळं सांगत होते. यीस्ट, गेंडा, वाइन. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे गं. पण दर पावसाळ्यात तोच कान का फुटतो, ते विचारलंस का त्या डॉक्टरीणबाईंना?"

विचारलं होतं. त्यांनी मला एक वही करायला सांगितली होती. कान कधी बिघडला, त्या आठवड्यात गोदानं काय खाल्लं, पंजे चाटत होती का, पोट लाल होतं का. वहीत चार महिन्यांत दिसलं की कान बिघडायच्या आठ-दहा दिवस आधी ती पंजे चाटायला लागते. म्हणजे खाज अंगभर आहे, कान हे तिचं शेवटचं स्टेशन. मग आठ आठवडे फक्त एकाच प्रकारचं ठरवून दिलेलं खाणं, अन्नाची ॲलर्जी आहे का ते बघायला. बिस्किट बंद, पोळीचा तुकडा बंद, आणि सगळ्यात कठीण म्हणजे काकूंच्या हातची चिकनची हाडं बंद. फारसा फरक पडला नाही. म्हणून आता पावसाळ्याच्या आधीपासून खाजेवरचं औषध.

हे स्वस्त नाही. कानाच्या मळाची तपासणी, ते खाणं, फेऱ्या, सगळ्याचा हिशेब लागतो. पण दुसऱ्या बाजूलाही हिशेब आहे. वर्षानुवर्षं सुजत राहिलेली नळी आतून जाड होते, तिची कुर्चा हाडासारखी कडक होते, आणि मग कुठलंच औषध आत पोचत नाही. झेप नावाच्या पशुवैद्यानं १९४९ साली नळीची एक बाजू उघडून हवा खेळती ठेवायची शस्त्रक्रिया मांडली. आज फारच बिघडलेल्या कानात अख्खी नळीच काढतात. कुत्र्याची वेदना थांबते, ऐकू येणं बहुतांश जातं. गोदाची डावी नळी उजवीपेक्षा अरुंद झाली आहे. ती पुन्हा रुंद होणार नाही, आणखी अरुंद होऊ द्यायची नाही एवढंच हातात आहे.

घरी मी करते ते एवढंच. दर रविवारी दोन्ही कानांचा वास घेते. पावसात भिजून आली की कानाची पाळी उलटी करून सुती कापडानं टिपते, बोट पोचतं तेवढंच, कापूसकाडी नाही. डॉक्टरांनी दिलेल्या द्रवानं सांगितलेल्या दिवशी धुते: भरपूर घालायचं, कानाच्या मुळाशी बाहेरून चोळायचं, पचपच आवाज आला पाहिजे, मग तिला झाडू द्यायचं. हे बाथरूममध्ये करावं, भिंती पुसायला सोप्या पडतात. मान एका बाजूला कलली, तोल जायला लागला, किंवा कान धरू दिला नाही तर काहीही न घालता सरळ दवाखाना.

काकू अजून लसणीच्या तेलाबद्दल विचारतात. मी त्यांना वही दाखवते. परवा त्यांनीच वाचून सांगितलं, "अगं, मंगळवारपासून पंजे चाटतेय ही. फोन केलास का?"